उंटावरचा शहाणा आणि इंदापूरची जमीन

म्हणी गोळा करण्याचा छंद ज्यास लागला त्याला एक गोष्ट लवकर ध्यानात येते. दुष्टाने वाईट केले तर लोक त्याला शिव्या देऊन मोकळे होतात. त्यासाठी म्हण बनविण्याची त्यांना फारशी गरज भासत नाही. म्हण बनते ती मन जेथे अडखळते तेथे. भले करावयास गेलेल्या माणसाच्या हातून वाटोळे झाले म्हणजे रागवावे कोणावर हेच कळेनासे होते, आणि अशा वेळी म्हण कामास येते. म्हणूनच की काय, चांगल्या हेतूतून झालेल्या नाशाविषयी आमच्या भाषेत म्हणींचा तोटा नाही. त्या म्हणींचा हात धरून एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या इतिहासातून एक फेरी मारावी, एवढाच आजचा आमचा संकल्प आहे.

आरंभ एका परक्या म्हणीपासून करू, कारण सुशिक्षितांच्या तोंडी तीच अधिक असते. ‘नरकाची वाट सद्हेतूंनी फरसबंद केलेली आहे’ ही ती म्हण. सभेत कोणी काही सुधारणा सुचविली की तिला विरोध करणारास ही म्हण हुकमी पत्त्यासारखी वापरता येते. पण तिचा इतिहास पाहू गेल्यास मौज आहे. फ्रान्सिस द साल या ख्रिस्ती साधूने १६०४ साली एका पत्रात ‘नरक सद्हेतूंनी भरलेला आहे’ अशा अर्थाचे वचन बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांच्या नावावर दिले. बर्नार्ड यांच्या लिखाणात मात्र ते सापडत नाही. जॉर्ज हर्बर्ट यांचा म्हणींचा संग्रह १६४० साली छापला गेला, त्यातही तशीच म्हण आहे. पुढे १७७५ साली डॉक्टर जॉन्सन यांनी ती बोलून दाखविली तेव्हा नरकाला फरशी बसली, असे बॉसवेलच्या चरित्रावरून दिसते. ‘वाट’ आली ती त्यानंतर.

वाट आली आणि तिच्याबरोबर अर्थही पालटला. मूळ वचनाचा रोख आळशावर होता. ‘उद्या करीन, पुढल्या एकादशीपासून करीन’ असे म्हणत ज्याने आयुष्य घालविले, त्याचे हेतू चांगलेच होते; केले मात्र काही नाही. अशांनी नरक भरलेला आहे, एवढेच त्या जुन्या वचनाचे म्हणणे. वाटेची कल्पना आल्यावर रोख फिरला आणि तो काम करणाऱ्यावर आला. चांगले करावयास निघालास की नरकात पोचशील, असा तिचा अर्थ लोक घेऊ लागले. एकाच म्हणीत हे दोन उलटे अर्थ आहेत, हे श्रोत्यांनी कृपा करून लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता घरच्या म्हणी. ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’ ही सर्वांस ठाऊक. तीत दोष हाताचा आहे, आणि नुकसान म्हणावे तर मूठभर मातीचे. मारुतीचीही पूजा होतेच! ‘मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा’ ही पंचतंत्रातील वानराच्या गोष्टीवरून आलेली. निजलेल्या राजावर बसलेली माशी मारण्यासाठी त्या स्वामिभक्त वानराने तलवार चालविली, ती कथा आपण लहानपणीच ऐकतो. तीत दोष बुद्धीचा आहे. ‘भीक नको पण कुत्रे आवर’ ही तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत मार्मिक. कारण ती भले करणाऱ्याच्या तोंडची नसून ज्याचे भले व्हावयाचे त्याच्या तोंडची आहे.

परंतु आमच्या विषयाला खरी लागू पडते ती चौथी. आमची आजी ती गोष्ट अशी सांगे. एका शेतकऱ्याच्या रेडकाने पाणी पिण्यासाठी रांजणात डोके घातले आणि ते अडकले. काही केल्या निघेना. गावाने शेजारगावच्या शहाण्यास बोलावणे धाडले. शहाणा उंटावर बसून आला. घराचे दार ठेंगणे. शहाण्याने खाली उतरावे तर त्याच्या शहाणपणास कमीपणा येणार; तेव्हा दाराची भिंत पाडण्यात आली. उंट आत आला. शहाण्याने वरूनच पाहिले आणि सांगितले, रेडकाचे मुंडके कापा. कापले. मुंडके रांजणातच राहिले. मग शहाणा म्हणाला, आता रांजण फोडा. भिंत गेली, रेडकू गेले, रांजण गेला. आणि शहाणा आल्या वाटेने परत गेला. त्याचा हेतू वाईट होता असे गोष्टीत कोठेही म्हटलेले नाही. तो निर्बुद्ध होता असेही नाही. चार गावांत त्याचे नाव होते. दोष एवढाच की तो खाली उतरला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आमच्या मनात येते. उंट हा काही दख्खनच्या कुणब्याच्या गोठ्यातला प्राणी नव्हे. त्याने उंट पाहिला तो फौजेच्या सामानाबरोबर, नाही तर सरकारी जासुदाच्या बुडाखाली. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हीही म्हण त्याच अनुभवातली असावी. हा आमचा केवळ तर्क आहे. म्हणींना जन्मतिथी नसते. पण सरकार उंच बसते आणि शेळ्या खाली चरतात, हे ज्याने प्रथम एका वाक्यात सांगितले तो शेळ्यांकडचा असला पाहिजे, यात आम्हांस संशय नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुणे प्रांत कंपनीच्या हाती आला. एल्फिन्स्टन साहेब धोरणी. पाटील, पंचायत, मिरासदारांचे हक्क यांस होता होईल तो हात लावू नये, असा त्यांचा कल. त्यांच्या मुंबईच्या गव्हर्नरपदाची मुदत १८२७ साली संपली, आणि सुमारास त्याच वेळी रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे पुणे प्रांताच्या जमिनीची पाहणी आली. प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजातून आलेले. तेथे अर्थशास्त्र शिकवावयास दस्तुरखुद्द माल्थस होते. रिकार्डो यांचा ग्रंथ १८१७ साली बाहेर पडला होता आणि खंडाविषयीचे त्यांचे मत त्या पिढीतील तरुणांस नव्या वेदासारखे वाटत होते. ते मत थोडक्यात असे: जमिनीच्या उत्पन्नातून बी, बैल, मजुरी आणि शेतकऱ्याच्या भांडवलाचा वाजवी नफा वजा करावा, जे उरेल तो खंड. तो कष्टाचा नसून जमिनीच्या गुणाचा आहे. म्हणून सरकारने त्यातून कितीही घेतले तरी शेतकऱ्याचे काही बिघडत नाही.

प्रिंगल यांचा हेतू आज वाचतानाही निर्मळ वाटतो. पेशवाईच्या अखेरीस मामलती मक्त्याने दिल्या जात आणि मक्तेदार रयतेस पिळीत. त्या जागी प्रत्येक शेताची मोजणी व्हावी, मातीची प्रत ठरावी, उत्पन्न आणि खर्च यांचा हिशेब व्हावा आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावा. बाकीचा ४५ भाग रयतेचा. यात मनमानी नाही, पक्षपात नाही, लाच नाही. कागदावर याहून न्याय्य व्यवस्था कोणी सुचविली असती असे आम्हांस वाटत नाही.

हिशेब कोणी करावयाचा? साहेब एक, शेते लक्षावधी. मोजणी आणि प्रतवारी हाताखालच्या कारकुनांनी केली. ज्याने कारकुनास खूष केले त्याची काळी जमीन बरड ठरली, आणि ज्याला ते साधले नाही त्याचे बरड रान काळे ठरले. खर्चाचा आकडा तर त्याहून अवघड. स्वतःच्या बैलाला घरचा कडबा घालणारा, बायकामुलांसह राबणारा कुणबी आपल्या मजुरीचा दर काय सांगणार? त्याला कोणी मजुरी दिलेलीच नसते. ‘निव्वळ उत्पन्न’ हा शब्द त्याच्या कोठारात नव्हताच. यात भर म्हणून कंपनीच्या अमलात शांतता झाली, फौजा मोडल्या, आणि धान्याचे भाव उतरले. रोख आकार तेवढाच, आणि तो भागविण्यास विकावी लागणारी ज्वारी मात्र वाढत चालली.

पूर्वी गावचा पाटील गावावरील बोजा घराघरांत वाटी. त्याचा पक्षपात असे, हे खरे. पण कोणाचा बैल मेला, कोणाची विहीर आटली, हेही त्याला ठाऊक असे. नव्या पद्धतीत शेत दिसत होते, शेतकरी दिसत नव्हता. आकारणी लागू झाली आणि वर्षा-दोन वर्षांतच वसूल होईना. दरसाल सूट द्यावी लागू लागली. ती सूट कोणास मिळावी हेही पुन्हा कारकुनाच्याच हाती. म्हणजे ज्या लाचेस दाराबाहेर काढावयाचे होते ती खिडकीतून आत आली. वसुलासाठी रयतेचे हाल झाले, तिला मारहाण झाली, असे पुढे सरकारी कागदांतूनच नमूद झाले. भीमा आणि नीरा यांच्यामध्ये असलेला, कमी पावसाचा इंदापूर तालुका याच्या तावडीत सर्वांत अधिक सापडला. माणसे घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली, शेते पडीक पडली. इंदापूर ओस पडले. प्रिंगल साहेब यथाकाल सिंध प्रांताचे कमिशनर झाले. शहाणा आल्या वाटेने परत जातो, असे आजी सांगे ते हेच.

१८३५-३६ च्या सुमारास याच इंदापुरात दुसरे दोन अधिकारी आले. हेन्री गोल्डस्मिड हे मुलकी खात्याचे आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे इंजिनिअर पलटणीचे. हे उंटावरून उतरले, असे म्हणावयास हरकत नाही. निव्वळ उत्पन्नाचा काथ्याकूट त्यांनी सोडून दिला. मातीची खोली आणि दोष पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती केल्या. पूर्वी प्रत्यक्षात वसूल किती होत असे आणि गाव किती सोसू शकेल हे पाहून दर ठरविले, आणि ते बरेच खाली आणले. तीस वर्षे दर वाढणार नाही असे वचन दिले. माणसे परतली, पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत साऱ्या इलाख्यास घालून दिली. आमच्या सातबाऱ्याच्या आणि आणेवारीच्या भाषेत त्या दोघांची छाया अजून आहे.

येथे गोष्ट संपती तर ती बोधकथा झाली असती. पण नव्या व्यवस्थेत आणखी एक देणगी होती. शेतकऱ्यास आपल्या नंबरावर कायम हक्क मिळाला, आणि तो विकण्याची व गहाण टाकण्याचीही मोकळीक मिळाली. १८६५ च्या कायद्याने ती पक्की केली. हेतू हाच की जमिनीस किंमत यावी, शेतकऱ्यास पत यावी, त्या पतीवर त्याने कर्ज काढून विहीर खणावी, बैल घ्यावा. पत आली. तिच्या मागोमाग सावकार आला. सावकार पूर्वीही होताच; परंतु तेव्हा त्याची वसुली गावाच्या संमतीवर अवलंबून असे. पंचायत बसे, दामदुपटीचा नियम असे, आणि कुणब्याची जमीन काढून घेणे गावात राहून जमत नसे. आता त्याच्यापाशी स्टँपाचा कागद होता आणि कागदामागे दिवाणी कोर्ट होते. कुणब्यास समन्स वाचता येत नव्हते. तो तारखेस हजर राहत नसे. एकतर्फी हुकूमनामे होत. त्यात सरकारी हप्त्याची तारीख ठरलेली, रोख रकमेची. पीक असो वा नसो, त्या दिवशी पैसा पाहिजे. आणि गावात पैसा असे तो एकाच घरी.

या सबंध कथेत आमचे मन सर्वांत अधिक वेधले ते १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने. हा कायदा ऋणकोच्या कळवळ्याने झालेला. जुनीपुराणी खते उकरून काढून सावकाराने वर्षानुवर्षांचे व्याज मागू नये, म्हणून साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरविण्यात आली. तीन वर्षांत दावा केला नाही तर खत रद्द. याहून सरळ उपकार कोणता? सावकाराने एवढेच केले की तीन वर्षे भरत आली की कुणब्यास बोलावून जुने खत फाडावयाचे आणि मुद्दल अधिक व्याज एवढ्या रकमेचे नवे खत करून घ्यावयाचे. हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांचे व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये आणि वर काही आणे. नवव्या वर्षी ५०८ च्या पुढे. आता गंमत अशी की यात दामदुपटीचा भंग कोठेही नाही. प्रत्येक खताचे व्याज त्याच्या मुद्दलापेक्षा कमीच आहे. दामदुपटीचा नियम वाचून पाहा, मुदतीचा कायदा वाचून पाहा, दोन्हींचे अक्षर पाळले गेले आहे. आणि शंभराचे पाचशे झाले आहेत. खताची मुदत नसती तर कदाचित सावकारास नवे खत करून घेण्याची एवढी घाईही नसती.

तेव्हा नाशाचे खापर चांगल्या हेतूंवर फोडून मोकळे व्हावे काय? येथे आम्ही थांबतो, कारण येथेच त्या परक्या म्हणीचा दुसरा अर्थ आठवावयास हवा. विंगेट साहेबांनी आपल्या हातचे काम वळून पाहिले होते. १८५२ सालीच त्यांनी लिहून कळविले होते की कोर्टांच्या जोरावर सावकार रयतेस गिळीत आहे आणि धनको-ऋणको यांचा जुना समतोल मोडला आहे. हे सांगणारा कोणी सरकारचा वैरी नव्हता. ज्याने ती घडी बसविली तोच हा. सरकारने ते वाचले. रयतेविषयी सहानुभूती होतीच, ती दप्तरांतून पुष्कळ आढळते. पण कराराच्या पावित्र्यास धक्का लागेल, व्यापाराच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ होईल, उपायाने अपाय होईल, अशा शंका निघत गेल्या, आणि १८५२ पासून १८७५ पर्यंतची तेवीस वर्षे दख्खनच्या कुणब्यासाठी म्हणून काही झाले नाही. सद्हेतूंनी नरक भरतो असे जुने साधू म्हणत होते तो नरक हा. प्रिंगलने केलेल्या नुकसानीची भरपाई इंदापुरास पाच-सहा वर्षांत सुरू झाली. न केलेल्या कामाच्या नुकसानीस मात्र तेवीस वर्षे कोणी धनी भेटला नाही.

मध्यंतरी १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापसास सोन्याचा भाव आला, सावकारांनी मागेल त्यास कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज राहिले. त्याच वेळी तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६७ च्या सुमारास फेरआकारणी सुरू झाली, तीही प्रथम इंदापुरात, आणि आकार चांगलाच चढला.

पुण्यास वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याचा प्रघात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पडला असे सांगतात. त्याच उन्हाळ्यात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. शहरात विद्वान बोलत होते, आणि दोन मजलांच्या अंतरावर अक्षरशत्रू माणसे अक्षरांची होळी करीत होती. त्याआधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला होता. त्याची ही पुढली पायरी. धान्याची लूट झाली, काही घरेही जळली. परंतु जागोजाग मागणी एकच होती: खते आणि वह्या बाहेर काढा. ज्याने त्या दिल्या त्याला बहुधा इजा झाली नाही. ज्याने नाकारल्या त्याच्यावर जुलूम झाला. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोचला; ९५१ माणसे पकडण्यात आली. सावकारांत परप्रांतीय बरेच होते, म्हणून हा प्रकार जातिद्वेषाचा मानण्याची चूक तेव्हाही काहींनी केली. आम्हांस ते पटत नाही. राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता, ही साक्ष त्या राखेचीच आहे.

आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ साली विलायतेच्या पार्लमेंटापुढे गेला. दरम्यान १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्या काळच्या मानाने तो धाडसाचा कायदा होता. कोर्टाने खताच्या रकमेवर न थांबता मागे जाऊन व्यवहाराचा उगम शोधावा. कर्जासाठी कुणब्यास तुरुंगात टाकू नये. स्पष्ट गहाण नसेल तर जमीन विकू नये. तडजोड करणारे नेमावेत. दस्त गावच्या रजिस्ट्रारापुढे व्हावा. आणि मुदतीची ती तीन वर्षे वाढवावी. पूर्वीची प्रत्येक चूक त्यात एकेक करून निस्तरलेली दिसते. रानडे यांनी स्वतः या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले, आणि अनेक कुटुंबांची जमीन त्यामुळे वाचली हे नाकारणे अन्याय होईल. उतरून पाहणारी माणसे या कामी होती.

कोर्ट गहाणखताच्या मागे जाते हे कळल्यावर सावकारांनी गहाणखत करणेच कमी केले. कुणबी पैसे मागावयास आला की त्याच्याकडून जमिनीचे सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचे. पैसे फिटले की जमीन परत करू असे तोंडी सांगावयाचे. विक्रीच्या मागे जाण्याची मुभा कोर्टास कायद्याने प्रथम दिलेली नव्हती. ती पुढे दुरुस्ती करून द्यावी लागली. तोवर रजिस्ट्रार आपले कर्तव्य चोख बजावीत होता. तो दस्त मोठ्याने वाचून दाखवी आणि विचारी, जमीन विकलीस हे खरे का? रक्कम पोचली का? कोणाची जबरदस्ती नाही ना? हे प्रश्न कुणब्याच्या हितासाठीच घातलेले होते. सावकार दाराशी उभा असे. कुणबी त्याच्याकडे एकदा पाही, मान डोलवी, आणि अंगठा पुढे करी.